आजी रेल्वेने, नात स्कीवरून : आल्प्समधली सगळ्या घराची सुट्टी

स्कीच्या सुट्टीची जागा ठरवताना लोक आधी विचारतात, उतार किती किलोमीटरचे? मी आता एकच विचारते : दुपारी एक वाजता घरातली सगळी माणसं एका टेबलाशी येऊ शकतील का?

हे मी एक आठवडा वाया घालवून शिकले. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये बाडेनला राहतो, झुरिकपासून जवळच. सहा वर्षांपूर्वी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या आणि आम्ही त्यांना घेऊन एका मोठ्या, नावाजलेल्या रिसॉर्टला गेलो. उतार भरपूर, बर्फ उत्तम. पण स्की न करणाऱ्या माणसाला वर जायला एकच केबलकार, तीही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि वर पोचल्यावर आडोशाला बसायची सोय नाही. लेक शिकवणीला, नवरा आणि मी उतारावर, सासूबाई पाच दिवस भाड्याच्या घराच्या खिडकीत. रोज सकाळी म्हणायच्या, "तुम्ही जावा, मी आहे की घरात." ते 'मी आहे की घरात' मला अजून टोचतं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही वेंगेन या स्विस गावाला जातो. मागच्या फेब्रुवारीत आठ जण होतो : मी, नवरा, बारा वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा, एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई, आणि पुण्याहून आलेले दीर, जाऊ आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा. लेक काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड उतारावर बिनधास्त जाते. मी लाल, म्हणजे मधल्या उतारापर्यंत, नवरा सोप्या निळ्यावर खूश. पुण्याच्या तिघांनी बर्फ पाहिला होता तो मनालीला, भाड्याचा कोट आणि गमबूट घालून. अशा सगळ्या माणसांची मोट कशी बांधायची, ते इथे सांगते.

वेंगेनच का

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनहून वीस मिनिटांत गाडी लाउटरब्रुनेनला पोचते. उंची ७९६ मीटर, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि त्यांतल्या एकावरून जवळजवळ ३०० मीटर कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. मोटार इथेच ठेवायची, स्टेशनला लागून बहुमजली पार्किंग आहे. पुढे वेंगेनला रस्त्याने जाताच येत नाही. दातेरी रुळांवरची छोटी गाडी, वेंगर्नाल्पबान, पंधरा मिनिटांत १,२७४ मीटरवर आणून सोडते. ही गाडी १८९३पासून धावते आहे. गावात मोटारी नाहीत, त्यामुळे पाच वर्षांचं पोर हात सोडून पुढे पळालं तरी काळजात धस्स होत नाही. आईबापांसाठी हे केवढं सुख आहे, ते तिथे गेल्यावरच कळतं.

तीच गाडी पुढे क्लाइने शायडेगला जाते, २,०६१ मीटरवर. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरं तिथे इतकी समोर उभी असतात की मान वर करून बघावं लागतं. आपल्याकडच्या सहलींबरोबर मे महिन्यात युंगफ्राउयोखला गेलेल्या कितीतरी मराठी लोकांनी हे स्टेशन पाहिलेलं असतं, पण घाईघाईत गाडी बदलण्यापुरतं. हिवाळ्यात हेच स्टेशन स्कीच्या उतारांचा चौक होतं. ग्रिंडेलवाल्डकडून, वेंगेनकडून, लाउबरहोर्न शिखरावरून, सगळीकडून उतार इथे येऊन मिळतात. फलाटापासून चार पावलांवर उपाहारगृहं. म्हणजे आजी रेल्वेने येतात आणि नात स्कीवरून येते, आणि दोघी एकाच बाकावर बसून गरम चॉकलेट पितात.

रेल्वेचा दुसरा फायदा शिकाऊ माणसाला. बहुतेक ठिकाणी एकदा वर गेलात की खाली यायला उतारच. इथे पाय थरथरायला लागले की स्की खांद्यावर घ्यायची आणि गाडीने खाली यायचं. स्कीच्या पासात ही गाडी धरलेली असते. आपल्याला परत येता येणार आहे हे माहीत असलं की नवखं माणूस वर जायला तयार होतं.

तुम्ही दुसरं गाव निवडणार असाल तरी हीच कसोटी लावा. नकाशावर असं ठिकाण शोधा जिथे चालत किंवा गाडीने, स्कीशिवाय पोचता येतं, जिथे सोपा आणि अवघड दोन्ही उतार येऊन संपतात, आणि जिथे छप्पर, संडास आणि गरम जेवण आहे. असं ठिकाण नसेल तर उतार पाचशे किलोमीटरचे असोत, सगळ्या घराला घेऊन तिथे जाऊ नका.

कधी जायचं

नाताळ ते नववर्ष सगळ्यात महाग, आणि तेव्हा खालच्या भागात बर्फ पातळ असू शकतो. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहोर्नची स्कीची शर्यत असते, १९३०पासून चालत आलेली. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. शर्यत बघायची असेल तर जरूर जा, पण शिकायला तो आठवडा नको. फेब्रुवारीत स्विस शाळांना सुट्ट्या असतात, प्रत्येक कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, तारखा वेगळ्या. आम्हाला लेकीच्या शाळेमुळे तेव्हाच जावं लागतं. शाळेची अडचण नसलेल्यांनी मार्चचा पहिला पंधरवडा धरावा. दिवस मोठा, ऊन उबदार, बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांना फार सुखाचा. दुपारनंतर बर्फ ओला, जड होतो, तेवढं एक. तेव्हा सकाळी लवकर सुरू करायचं आणि दोनला थांबायचं.

घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. फेब्रुवारीसाठी घर आणि मुलांची स्कीशाळा सप्टेंबरातच नक्की करून टाका. आधी घर, मग शाळा, मग सामान. पास सगळ्यात शेवटी. आणि पहिल्या दोन दिवसांसाठी नवख्यांना पूर्ण प्रदेशाचा पास घेऊ नका. त्यांचे ते दिवस गावातल्या छोट्या लिफ्टवरच जातात आणि तिचं तिकीट वेगळं, पुष्कळ स्वस्त असतं.

बूट : इथे वेळ घालवा

स्की भाड्यानेच घ्या. पहिल्या तीन सुट्ट्यांत विकत काहीच घेऊ नका, हातमोजे, गॉगल आणि पायमोजे सोडून. इथे राहणाऱ्यांनी मुलांसाठी हंगामभराचं भाडं भरावं, शरद ऋतूत एकदा माप दिलं की एप्रिलपर्यंत सामान घरी राहतं.

दुकानात सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मला एक माप मोठा बूट मिळाला होता. घालताना इतका आरामशीर वाटला की मीच खूश होऊन निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. बूट सैल असला की पाय आत पुढेमागे आपटतो, आणि स्की आपलं ऐकत नाही.

बरोबर बूट कसा ओळखायचा, ते जावेला दाखवलं तसंच सांगते. एकच पातळ, लांब पायमोजा. दोन घालायचे नाहीत, दोन घातले की आत घडी पडते, घाम येतो आणि पाय उलट जास्त गारठतात. गरम लेगिंग घोट्याच्या वरच संपली पाहिजे, तिची शिवण बुटात गेली की तासाभरात नडगीवर लाल रेघ उमटते. बुटाची जीभ पुढे ओढायची, पाय आत सारायचा, आणि टाच जमिनीवर दोनदा दणकून आपटायची म्हणजे ती मागे नीट बसते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत. आता गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबा. बोटं मागे सरकून मोकळी झाली तर माप बरोबर. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, परत द्या. मग दुकानात दहा मिनिटं तसंच फिरा. जाऊ म्हणाली, "वहिनी, हे तर पायाला प्लॅस्टर घातल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "तसंच वाटायला हवं. फक्त दुखायला नको."

मग दुकानदार वजन, उंची, वय आणि स्की किती येते ते विचारतो. यावरून तो बाइंडिंगचा आकडा ठरवतो, म्हणजे पडल्यावर स्की बुटापासून कितपत जोरावर सुटायची ते. इथे वजन खरं सांगा आणि येत नसेल तर येत नाही म्हणा. लाजेपोटी पाच किलो कमी सांगितले तर स्की उगीचच मधेच सुटेल. 'येतं थोडंफार' म्हणालात तर बाइंडिंग घट्ट बसेल, पडल्यावर स्की सुटणारच नाही आणि गुडघा पिळवटेल. स्की नवख्याला हनुवटीच्या आसपास उंचीची द्यायला सांगा, छोट्या मुलांना छातीपासून हनुवटीपर्यंत. हेल्मेट सगळ्यांना, आजोबा असोत की नातू.

संध्याकाळी बूट घरात आणून उबेला ठेवा, किंवा दुकानाच्या खोलीत ठेवायची सोय असेल तर तिथे. थंड, ओला बूट सकाळी पायात जातच नाही, प्लॅस्टिक दगडासारखं कडक होतं. आमच्या दिरांनी पहिल्या रात्री बूट बाल्कनीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ते घालायला वीस मिनिटं लागली आणि धाकट्याची शाळा थोडक्यात चुकता चुकता राहिली.

कपडे

सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, हे सगळं घरी ठेवा. सुती कपडा घाम शोषून ओलाच राहतो, आणि लिफ्टवर बसल्यावर वारा लागला की हुडहुडी भरते. अंगाला लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेरून वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि पँट. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मोजे द्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड लागतातच, एक वाळत असतो. सगळा सरंजाम घालायच्या आधी मुलांना संडासला पाठवा. हे वाक्य मी दर वर्षी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवते.

ऊन हलकं घेऊ नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. सनस्क्रीन नाकाच्या खालून, हनुवटीच्या खालून, कानाच्या पाळीला. सावळ्या कातडीलाही लागतं, दिरांना दुसऱ्याच दिवशी पटलं.

शिकणं : ज्याचं त्याच्या जागी

नवऱ्याला बायकोने किंवा बायकोला नवऱ्याने शिकवू नये. भांडणं मी खूप पाहिली आहेत, उताराच्या मधोमध, दोघंही रडकुंडीला आलेले. नवख्या मोठ्या माणसांना पहिले तीन दिवस रोज दोन तास शिक्षक घ्या. महाग वाटतं, पण मोडलेल्या मनगटापेक्षा स्वस्त.

मुलं चार-पाच वर्षांची झाली की स्कीशाळेत रमतात. शिक्षक लाल जाकिटात असतात आणि शाळेचा लाडका स्नोली नावाचा ससा असतो. वर जायला सरकता पट्टा, त्यावर नुसतं उभं राहायचं. शिकवायची भाषा जेवणाची : स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, म्हणजे पिझ्झाचा तुकडा, वेग कमी. स्की समांतर म्हणजे स्पॅगेटी, वेग जास्त. आमचा धाकटा घरात मोजे घालून फरशीवरही "पिझ्झा, पिझ्झा" करत चालायचा. पहिल्या सकाळी मूल रडलं तर काय? निरोप घ्या आणि खरंच जा. कुंपणाशी उभे राहाल तर ते दोन तास रडेल. कोपऱ्यावर वळून मी दहा मिनिटांनी पाहिलं, तोवर तो सशाशी हात मिळवत होता. पोरांच्या खिशात घराचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद असू द्या, आकडे पाठ असले तरी घाबरल्यावर आठवत नाहीत.

जावेची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी अशी एक जाऊ असते. गावातच, स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर, शिकाऊंसाठी अगदी हलका उतार आहे. शिक्षकाने पहिली वीस मिनिटं स्की एकाच पायात घालायला लावली आणि सपाट बर्फावर, लहान मुलं स्कूटरवर ढकलत जातात तसं गोल फिरवलं. मग दुसऱ्या पायात. मग पडायचं कसं ते : मागे न बसता बाजूला, कुल्ल्यावर. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या. त्या उभ्या असल्या की उठता उठता माणूस घसरायलाच लागतो, आणि नवखी माणसं नेमकं तेच करतात. ती अकरा वेळा पडली. मी मोजलं, कारण मुलगा मोजत होता. प्रत्येक वेळी तिचं वजन मागे जात होतं, म्हणजे भीतीने अंग उताराच्या उलट ओढलं जात होतं. शिक्षकाने तिला सांगितलं, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली जाणवली पाहिजे, सतत. ते एक वाक्य तिला मिळालं आणि बाराव्या खेपेला ती खालपर्यंत आली, थांबली, आणि तिथेच उभी राहून रडली. आनंदाने. तिसऱ्या दिवशी ती वेंगेनच्या वर, मेनलिखेनच्या निळ्या उतारावर होती.

लिफ्टचा धसका उतारापेक्षा जास्त असतो. खुर्चीची लिफ्ट येताना मागे वळून बघा, बसल्यावर दांडी खाली घ्या, उतरायच्या आधी स्कीची टोकं वर. दोन पायांत धरायच्या आकड्याची जी ओढलिफ्ट असते, तिच्यावर बसायचं नसतं, ती मागून ढकलते. बसलात की पडलात.

मधल्या पातळीच्या माणसांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, क्लाइने शायडेगहून ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला ब्रांडेगपर्यंतचा लांब उतार आहे, आयगरच्या भिंतीच्या पायथ्याशी. ब्रांडेगला सफरचंदाच्या गोल चकत्या पिठात बुडवून तळतात, वरून दालचिनी आणि साखर. शाकाहारी माणसाला आल्प्समध्ये सहजासहजी सापडणारं सुख ते.

आणि लेकीसाठी लाउबरहोर्न. शर्यत संपल्यावर त्या मार्गावरून आपल्यालाही जाता येतं. जवळजवळ साडेचार किलोमीटर, शर्यतीच्या जगातला सगळ्यात लांब. एका ठिकाणी मार्ग रेल्वेच्या पुलाखालून जातो आणि वरून गाडी चाललेली असते. खेळाडू हे अडीच मिनिटांत उतरतात, २०१३ साली योहान क्लारे या फ्रेंच खेळाडूचा वेग इथे ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. लेकीला थांबत थांबत वीस मिनिटं लागतात. तिला एकटीला मी सोडत नाही, बरोबर मोठं माणूस हवंच. बाबा निळ्या उतारावरचे, म्हणून तिच्यासाठी आठवड्यातून एक सकाळ खास शिक्षक घेतो. चांगलं येणाऱ्या मुलालाही स्वतःची एक सकाळ लागते. ती दिली नाही तर आठवडाभर धाकट्यांसाठी थांबून थांबून ते चिडतं.

रंगांविषयी एक : स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. पण रंग उतार किती तीव्र ते सांगतो, बर्फाची अवस्था नाही. सकाळी गोठून काचेसारखा झालेला निळा उतार दुपारच्या मऊ लाल उतारापेक्षा अवघड जातो.

आजींचा दिवस

बर्फावर चालायला घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळव्यांचे बूट आणि त्यावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे. खिळे गावातल्या खेळाच्या दुकानात मिळतात. हाताला दोन काठ्या. सासूबाई लुगडं नेसणाऱ्या, पण बर्फात लोकरी लेगिंगवर पँट आणि वरून लांब जाकीट, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी मान्य केलं, "थंडीपुढं कसली लाज" म्हणाल्या.

हिवाळ्यात चालायच्या वाटा इथे गुलाबी पाट्यांनी दाखवलेल्या असतात आणि यंत्राने दाबून सपाट केलेल्या असतात. वेंगेनहून केबलकारने मेनलिखेनला जायचं आणि तिथून क्लाइने शायडेगला चालत यायचं, साधारण साडेचार किलोमीटर, जवळजवळ सगळी हलकी उतरण. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी ही वाट चुकवू नये. सासूबाईंनी ती दोन तासांत केली, दर वळणावर थांबून. गुडघे दुखत असतील तर नुसता रेल्वेचा प्रवासही पुरे.

स्की न करणाऱ्यांना वेगळं तिकीट लागतं. भारतातून आलेल्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो, पुढे सवलत मिळते. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. तिथे आल्या आल्या पहिल्याच दिवशी जाऊ नका, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जा. दोन हजार मीटरवरचं क्लाइने शायडेग आमच्या सासूबाईंना कधी बाधलं नाही.

खाणं

रोष्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा जाड थालीपीठासारखा प्रकार, पण त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस घालतात, तेव्हा 'ओने श्पेक', म्हणजे ते मांस नको, असं म्हणा. मॅकरोनी, बटाटा आणि चीज एकत्र करून सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर देतात, त्यालाही तेच. सातूच्या सूपमध्ये मांस असतंच असं धरून चाला. फोंड्यूत, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन पडते, लहान मुलांसाठी आणि घरातल्या वर्ज्य असणाऱ्यांसाठी आधी विचारा. पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात, कडक शाकाहारी माणसांना हे माहीत असायला हवं.

म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. संध्याकाळी मेतकूट-भात, वर तूप, लोणचं. दिवसभर थंडीत आणि घामात काढल्यावर मुलं ताटं चाटून पुसून जेवतात. दिवसाच्या डब्यासाठी दशम्या सगळ्यांत उत्तम, दुधात भिजवलेल्या असल्याने थंडीतही मऊ राहतात. चिक्की मात्र नेऊ नका, गारठून दातांचं वाटोळं करते. तिळगुळाच्या मऊ वड्या जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. मोबाइलही तिथेच, बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी तासाभरात मान टाकते.

विमा आणि जपणूक

भारतातून येणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा लागतो, पण तो स्कीच्या अपघातासाठी चालेलच असं नाही. पुष्कळ पॉलिसी साहसी खेळ म्हणून स्की वगळतात. पॉलिसीत हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही शब्द लिहिलेले दिसले पाहिजेत. दिरांच्या पॉलिसीत ते नव्हते, निघायच्या चार दिवस आधी जादा पैसे भरून घालून घेतले. इटलीत जाणार असाल तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही २०२२पासून सक्तीचा आहे.

स्वित्झर्लंडमध्ये १४१४ हा रेगाच्या बचाव हेलिकॉप्टरचा आणि १४४ रुग्णवाहिकेचा नंबर. कुणी पडलं असेल तर आधी त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणारे सावध होतात. मग फोन.

उतारावर पुढच्या माणसाचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने जपायचं. थांबायचं कडेला, आणि उंचवट्याच्या पलीकडे, जिथे वरून दिसत नाही, तिथे कधीच नाही. हे नियम मुलांना आदल्या रात्री सांगा. खुणा लावलेला उतार सोडून ताज्या बर्फात जाऊ नका, कितीही मोह झाला तरी. हिमप्रपाताचा धोका किती हे दावोसची एसएलएफ संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच आणि सकाळी आठला जाहीर करते, एक ते पाच अशा पायऱ्यांत. आणि उतार बंद झाल्यावर तिथे राहू नका. बर्फ दाबणारी यंत्रं तेव्हा बाहेर पडतात, काही तारेच्या दोरावर ओढली जातात, आणि संधिप्रकाशात तो ताणलेला दोर दिसत नाही. दमलेलं असताना 'एकच शेवटची फेरी' म्हणणं धोक्याचं. आमच्या घरात 'शेवटची' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. दमलो वाटलं की गाडी पकडायची.

मधला एक दिवस स्कीला पूर्ण सुट्टी द्या, आमचा बुधवार असतो. तिसऱ्या दिवसानंतर मांड्या दगडासारख्या होतात. लाकडी स्लेज भाड्याने घेऊन वेंगर्नाल्पहून खाली यायचं. त्यातही हेल्मेट घाला, ब्रेक पायांनीच लावायचा असतो, आणि छोटं मूल मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा.

धाकट्याच्या शाळेची शर्यत शेवटच्या दिवशी असते. छातीवर नंबर, चार-पाच झेंड्यांतून वळत यायचं, खाली सगळ्यांना पदक. मागच्या वर्षी आम्ही बाकीचे सातही जण त्या दोरीच्या बाहेर उभे होतो. सासूबाई खिळ्यांचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे. तो पिझ्झा करत करत, तिसरा झेंडा चुकवून, सरळ त्यांच्या दिशेने आला. त्यांनी त्याला धरलं, पडल्या नाहीत. त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत सगळं सामान परत करा, म्हणजे शनिवारी सकाळी हात मोकळे राहतात आणि घराची किल्ली देऊन नऊ-साडेनऊची गाडी गाठता येते.